बटाट्याच्या सालींपासून हायड्रोजन: पाच दिवस उत्तम, मग गॅस बसला. मिथेन शून्य, कॉस्टिक मात्र दुप्पट

चोथा_ते_वायू (प्रश्न)

डार्क फर्मेंटेशनची (उजेडाशिवाय, जिवाणूंकडून साखर आंबवून हायड्रोजन काढायची) टाकी आहे. आत द्रव १० लिटर, वर मोकळी जागा ४ लिटर, सतत ढवळणी, तापमान ३७ अंश. खाद्य म्हणजे बटाटा प्रक्रियेतल्या साली आणि स्टार्चचं धुवण, बारीक वाटून पातळ केलेलं, सीओडी (सेंद्रिय द्रव्य जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला साधारण २५ ग्रॅम. रोज १० लिटर आत आणि १० लिटर बाहेर, म्हणजे एचआरटी (द्रव टाकीत राहण्याचा सरासरी वेळ) २४ तास. विरजण बायोगॅस संयंत्रातल्या गाळाचं. हायड्रोजन खाऊन मिथेन करणारे जिवाणू मरावेत म्हणून तो ९५ अंशांवर ४५ मिनिटं तापवून घेतला होता. पीएच ५.५ ला बांधलेला, त्यासाठी पंप २ नॉर्मल कॉस्टिक (लिटरला २ मोल कॉस्टिक सोडा) सोडतो.

पाचवा दिवस: गॅस ७० लिटर, त्यात हायड्रोजन ४६ टक्के. कॉस्टिक ३५० मिली.
अकरावा दिवस: गॅस २२ लिटर, हायड्रोजन २० टक्के. कॉस्टिक ७१० मिली.

आकारमानं २५ अंशांवरची आहेत. जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) मिथेनचं शिखर एकदाही आलं नाही. पीएच आणि तापमान दोन्ही स्थिर आहेत.

हायड्रोजन जातोय कुठे? गाळ पुन्हा उकळून नव्याने सुरुवात करावी का? आणि बाहेर पडणाऱ्या आंबट पाण्याचं पुढे काय करतात?

लाल_लिटमस

कॉस्टिकचा आकडा दिलात ते फार बरं झालं. बहुतेक जण फक्त गॅस लिहितात आणि मग दहा शक्यतांवर चर्चा चालते. इथे निम्मं निदान त्या आकड्यातच आहे.

एक मोल ग्लुकोज ब्युटिरिकच्या वाटेने गेलं तर एक मोल आम्ल आणि दोन मोल हायड्रोजन मिळतो. अ‍ॅसेटिकच्या वाटेने गेलं तर दोन मोल आम्ल आणि चार मोल हायड्रोजन. लॅक्टिकच्या वाटेने गेलं तर दोन मोल आम्ल तयार होतं आणि गॅस काहीच नाही. त्यामुळे गॅस घटतोय, कॉस्टिक वाढतंय आणि मिथेन नाही, असं चित्र दिसलं की पहिला संशय लॅक्टिक जिवाणूंवर घ्यायचा.

दुसरा संशयित होमोअ‍ॅसिटोजेन. हे जिवाणू चार मोल हायड्रोजन आणि दोन मोल कार्बन डायऑक्साइड खाऊन एक मोल अ‍ॅसेटिक आम्ल करतात. पण तुमचे आकडे त्यांच्या एकट्याच्या माथी मारता येत नाहीत. पाचव्या दिवशी हायड्रोजन ३२ लिटर होता, आता ४.४. घट २७.६ लिटर, म्हणजे १.१३ मोल. हा सगळा त्यांनी खाल्ला असं धरलं तरी अ‍ॅसेटिक ०.२८ मोलच वाढेल. ५.५ पीएचला त्यातलं सुमारे ८५ टक्के आयनरूपात असतं आणि तेवढ्यालाच कॉस्टिक लागतं, तेव्हा कॉस्टिक वाढायला हवं जेमतेम १२० मिलीने. तुमचं वाढलंय ३६० मिलीने. उरलेलं आम्ल दुसरं कोणीतरी बनवतंय.

गाळ पुन्हा उकळू नका, निदान लगेच तरी. उकळल्यावर हायड्रोजन बनवणारे क्लॉस्ट्रिडियम जिवाणू टिकतात कारण ते बीजाणू करतात. लॅक्टिकवाले बीजाणू करत नाहीत, म्हणून ते उकळलेल्या गाळात नव्हतेच. ते सालींवरून येतात, रोज, १० लिटर खाद्याबरोबर. गाळ उकळून फार तर आणखी पाच चांगले दिवस मिळतील. लॅक्टिकवाल्यांपैकी काही जण बॅक्टेरिओसिनही (दुसऱ्या जिवाणूंना मारक प्रथिनं) सोडतात, तेव्हा ते क्लॉस्ट्रिडियमच्या तोंडची साखर पळवतात आणि वर त्यांना दाबूनही ठेवतात.

दोन गोष्टी सांगा. खाद्य किती दिवसांचं एकदम बनवता? आणि ज्या पिंपातून ते पंपाला जातं त्या पिंपाचा पीएच किती आहे?

मोजपट्टी

जिवाणूंकडे वळण्याआधी मोजणी तपासा. हायड्रोजनच्या बाबतीत नळीच चोर निघण्याची शक्यता बरीच असते.

गॅसची नळी सिलिकॉनची असेल तर ती आधी बदला. सिलिकॉनमधून हायड्रोजन सहज झिरपतो. विटॉन (गॅस कमी झिरपू देणारं रबर) किंवा धातूची नळी घ्या, बुचं ब्युटाइल रबराची.

पाणी विस्थापित करून गॅस मोजत असाल तर साध्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, एकूण गॅस कमी दिसतो आणि हायड्रोजनची टक्केवारी फसवी वाढते. मिठाचं संपृक्त द्रावण आम्लयुक्त करून वापरा.

जीसीला वाहक वायू आर्गॉन किंवा नायट्रोजन हवा. हेलियम आणि हायड्रोजनची उष्णतावाहकता इतकी जवळजवळ आहे की टीसीडीला (उष्णतावाहकतेवर चालणाऱ्या जीसीच्या शोधकाला) हायड्रोजन धड दिसत नाही. शिवाय फक्त मॉलिक्युलर सीव्हचा स्तंभ असेल तर कार्बन डायऑक्साइड त्यात अडकून बसतो. तुमचे उरलेले ८० टक्के खरोखर मोजलेले आहेत की शंभरातून वजा करून काढलेले?

नायट्रोजनचं शिखर दिसतंय का तेही पाहा. खाद्य आत जाण्याआधी निचऱ्याचा पंप चालू झाला की वरच्या जागेत ओढ निर्माण होते आणि कुठल्यातरी सांध्यातून हवा आत येते. दोन्ही पंप एकाच वेळी चालवा, किंवा वरच्या जागेला गॅसची पिशवी जोडा म्हणजे ओढ तिच्यातून भरून निघेल.

चोथा_ते_वायू

नळी विटॉनची आहे, वाहक आर्गॉन. कार्बन डायऑक्साइड मोजलेला आहे, ७७ टक्के. नायट्रोजन २ टक्के. म्हणजे गळती असली तरी किरकोळ.

खाद्य तीन दिवसांचं एकदम करून खोलीच्या तापमानाला पिंपात ठेवतो. आज तिथे पीएच तपासला. बनवल्या दिवशी ६.३ होता, तिसऱ्या दिवशी ३.९.

निचऱ्याचा एचपीएलसी (द्रवातली आम्लं वेगळी करून मोजणारी चाचणी) अहवालही आला. लिटरला मिलिमोलमध्ये लॅक्टिक ११०, अ‍ॅसेटिक ३०, ब्युटिरिक १२, प्रोपिओनिक ६.

लाल_लिटमस

मग शोध संपला. पिंपातच लॅक्टिक फर्मेंटेशन पूर्ण होतंय आणि टाकीला तयार दही मिळतंय.

उपाय खाद्यावर करायचा आहे. खाद्य रोजचं रोज बनवा आणि ७० अंशांवर एक तास ठेवून मग वापरा. निर्जंतुक करायची गरज नाही, लॅक्टिकवाल्यांची संख्या इतकी पाडायची की टाकीत क्लॉस्ट्रिडियम पुढे राहतील.

बटाट्याच्या बाबतीत यात एक खोच आहे. बटाट्याचा स्टार्च साधारण ६० ते ७० अंशांदरम्यान फुगतो आणि स्लरीची खळ होते. ती पेरिस्टाल्टिक (नळी दाबत द्रव ढकलणाऱ्या) पंपात अडकते, नळीच्या वळणावर बसते, आणि खाद्य कमी गेल्याचं दुसऱ्या दिवशी गॅसवरून कळतं. त्यासाठी तापवण्याआधी उष्णता सोसणारं अल्फा अमायलेज (स्टार्च फोडणारं विकर) टाका, मात्रा डब्यावरच्या सूचनेप्रमाणे. पीएच ६ च्या आसपास असताना ते चांगलं चालतं, म्हणून आंबलेल्या खाद्यात टाकून उपयोग नाही. तापताना सतत ढवळलं तर खळ होता होताच पातळ होत जाते. त्यात फायदा असा की टाकीत जाण्याआधीच बराच स्टार्च फुटलेला असतो.

थंड करायचं ते झाकलेल्या भांड्यात. आणि नळी विसरू नका! पिंपापासून टाकीपर्यंतच्या नळीत आतून बुळबुळीत थर धरतो, तोच विरजणाचं काम करतो. रोज नळीतून १ नॉर्मल कॉस्टिक पंधरा मिनिटं फिरवून पाण्याने धुवा. नळीचं टोक टाकीतल्या द्रवात बुडवू नका, वरून थेंब थेंब पडू द्या. बुडवलं तर टाकीतले जिवाणू उलटे चढत पिंपापर्यंत पोचतात.

एचआरटी कमी करून लॅक्टिकवाले धुऊन काढता येतील असं वाटू शकतं, पण तसं होत नाही. ते फार भराभर वाढतात. एचआरटी १२ तासांवर आणला तर आधी साली न पचता बाहेर पडतील.

मोजपट्टी

लॅक्टिकचं मान्य. पण अहवालात आणखी एक गोष्ट दडलेली आहे.

मिश्र जिवाणूंच्या टाकीत अपेक्षित हायड्रोजनचा ढोबळ हिशेब असा: अ‍ॅसेटिक आणि ब्युटिरिकच्या बेरजेची दुप्पट, वजा प्रोपिओनिक. तुमच्या आकड्यांनी ३० आणि १२ मिळून ४२, दुप्पट ८४, वजा ६, म्हणजे लिटरला ७८ मिलिमोल. दिवसाला ०.७८ मोल, १९ लिटर. मोजलाय ४.४ लिटर. लॅक्टिक या हिशेबात कुठेच येत नाही, तरी १४-१५ लिटरची तूट उरते. म्हणजे तयार झालेल्या हायड्रोजनपैकी मोठा भाग होमोअ‍ॅसिटोजेन खात असण्याची शक्यता आहे. ते बीजाणू करतात, म्हणून तुमच्या ९५ अंशांतून सुखरूप सुटलेले असणार.

खात्रीसाठी बाटलीची चाचणी करा. टाकीतलं ४० मिली द्रव सेंट्रिफ्यूज करा, बसलेले जिवाणू ५.५ पीएचच्या ताज्या क्षार-बफरमध्ये एकदा धुऊन तितक्याच आकारमानात परत मिसळा. न धुता वापरलं तर उरलेल्या स्टार्चमधून गॅस येत राहतो आणि दाबाचा अर्थच लागत नाही. १२० मिलीच्या सीरम बाटलीत भरा, ब्युटाइल बूच आणि अ‍ॅल्युमिनियमची कडी. वरच्या जागेत ८० टक्के हायड्रोजन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइड. दुसऱ्या बाटलीत तेच द्रव, पण हायड्रोजनऐवजी नायट्रोजन. ३७ अंशांवर हलवत ठेवून ४८ तास दाब नोंदवा. पहिलीतला दाब दुसरीपेक्षा जास्त पडला आणि मिथेन दिसला नाही, तर खाणारे सापडले.

लाल_लिटमस

चाचणी जरूर करावी. पण ती १५ लिटरची तूट सगळी खाण्यात गेली असं धरू नका. तुमच्या सूत्रात प्रत्येक अ‍ॅसेटिकबरोबर दोन हायड्रोजन आले असं गृहीत आहे. बिफिडोबॅक्टेरियम दोन ग्लुकोजमधून तीन अ‍ॅसेटिक आणि दोन लॅक्टिक करतात, हायड्रोजन अजिबात नाही. विषमकिण्वी (लॅक्टिकशिवाय इतर पदार्थही करणाऱ्या) लॅक्टोबॅसिलसकडूनही थोडं अ‍ॅसेटिक येतं. लॅक्टिक ११० असलेल्या द्रवात तीसपैकी बरंचसं अ‍ॅसेटिक त्यांचंच असू शकतं. अशा वेळी सूत्राचं उत्तर वरची मर्यादा म्हणून वाचायचं.

मोजपट्टी

बरोबर, म्हणून तर बाटली. खाणारे निघालेच तर त्यांच्यावर एचआरटीचा उपाय मात्र चालतो. ते हायड्रोजनवर सावकाश वाढतात. स्टार्च आधीच फुटलेला असेल तर एचआरटी १२ तासांवर आणायला हरकत नाही, त्यासाठी खाद्य निम्मं पातळ करून दुप्पट द्या म्हणजे भार तोच राहील. शिवाय ढवळणी वाढवा किंवा वरच्या जागेतलाच गॅस द्रवातून फिरवा. हायड्रोजन पाण्यात फार कमी विरघळतो, पण सुस्त टाकीत तो समतोलापेक्षा कितीतरी जास्त साचून राहतो, आणि साचलेला हायड्रोजन म्हणजे यांच्यासमोर वाढलेलं ताट. नायट्रोजन सोडूनही तेच साधतं, पण मग गॅस इतका पातळ होतो की पुढे वेगळा करणं परवडत नाही.

जूल_मोजा

वरचे सल्ले जैविक दृष्ट्या चोख आहेत. ऊर्जेचा हिशेब मात्र कोणी मांडलेला नाही, तो मांडल्याशिवाय ७० अंशांचा सल्ला मोठ्या टाकीला लावू नये.

पाचव्या दिवशीचा, म्हणजे तुमचा सर्वांत चांगला हायड्रोजन: ३२ लिटर, १.३ मोल. मोलला २८६ किलोज्यूल धरून दिवसाला सुमारे ३७० किलोज्यूल. आता १० लिटर खाद्य २० अंशांवरून ७० अंशांवर न्यायला लागतात सुमारे २१०० किलोज्यूल. उष्णता विनिमयकाने ८० टक्के उष्णता परत मिळवली तरी ४२० खर्च. नुसत्या हायड्रोजनवर हा व्यवहार तोट्यातच आहे.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे, कारण उत्तर त्या आंबट पाण्यात आहे. रोज २५० ग्रॅम सीओडी आत जातो. एक मोल हायड्रोजन म्हणजे १६ ग्रॅम सीओडी, तेव्हा १.३ मोलमध्ये गेला २१ ग्रॅम. जेमतेम ८ टक्के! सगळं ग्लुकोज ब्युटिरिकच्या वाटेने गेलं असतं तरी १७ टक्के, आणि सगळं अ‍ॅसेटिकच्या वाटेने, जे प्रत्यक्षात होत नाही, तरी ३३ टक्के. बाकीचा सीओडी आम्लांच्या रूपात पाण्यात तसाच आहे. हे पाणी मिथेनच्या टाकीत घातलं आणि उरलेल्या २२९ ग्रॅमपैकी ८० टक्के पचलं, तर ग्रॅमला ०.३५ लिटर या दराने ६४ लिटर मिथेन मिळतो. ते झाले सुमारे २५०० किलोज्यूल, हायड्रोजनच्या जवळजवळ सातपट.

म्हणून दोन टाक्या जोडायच्या. पहिली आंबट, पीएच ५.५, एक दिवसाची. दुसरी ७ ते ७.५ पीएचची. ती साधी ढवळणीची असेल तर १० ते १५ दिवसांची, म्हणजे तुमच्या मापाने १०० ते १५० लिटर. जिवाणू धरून ठेवणारी असेल तर बरीच लहान चालते, फक्त सालींचे कण आधी गाळून घ्यावे लागतात.

यात कॉस्टिकचाही प्रश्न सुटतो. आत्ता ७१० मिली म्हणजे निचऱ्यात लिटरला ३.२ ग्रॅमच्या आसपास सोडियम जातोय. मिथेन जिवाणूंना हे जड पडायला लागतं. त्याऐवजी मिथेनच्या टाकीतलं निवळलेलं पाणी, ज्यात बायकार्बोनेट आणि अमोनिया असतो, खाद्य पातळ करायला वापरा. कॉस्टिक बरंच वाचतं. मात्र त्याच्याबरोबर हायड्रोजन खाणारे जिवाणूही परत येतात. पीएच ५.५ च्या वर सरकू दिला नाही आणि एचआरटी दिवसाच्या आत ठेवला तर मिथेनवाल्यांचा त्रास सहसा आटोक्यात राहतो. जीसीवर मिथेन डोकावला की पुनर्चक्रण थांबवायचं.

चुन्याने पीएच धरायचा विचार मात्र करू नका. कार्बन डायऑक्साइडबरोबर कॅल्शियम कार्बोनेट होऊन नळ्या आणि पीएचचा प्रोब दोन्ही चुनखडीने भरतात. प्रोब खोटं वाचायला लागला की नियंत्रकही खोट्यावर चालतो.

लाल_लिटमस

हिशेब मान्य. १० लिटरच्या टाकीवर ७० अंशांचं काम निदान पक्कं करण्यापुरतं. मोठ्या प्रमाणावर वेगळी सोय असते. बटाटा प्रक्रियेत वाफेने साल काढतात, काप गरम पाण्यातून काढतात, म्हणजे बराचसा कचरा आणि धुवण जन्मतःच गरम असतं. ते थंड होऊन पिंपात पडून राहतं तेव्हा आंबतं. गरम असतानाच बंद, उष्णतारोधक टाकीत घेतलं आणि त्याच दिवशी वापरलं तर वेगळी ऊर्जा लागत नाही. खाद्य ६० अंशांच्या वरच मिळत असेल तर हायड्रोजनची टाकीच ५५ ते ६० अंशांवर चालवायचा विचार करावा. त्या तापमानाला नेहमीचे लॅक्टिकवाले सहसा तग धरत नाहीत. पण विरजण त्या तापमानाला सवयीचं करून घ्यावं लागतं, ३७ वरून एकदम उडी मारून चालत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे लॅक्टिक स्वीकारायचं. क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकमसारखे काही जिवाणू दोन लॅक्टिकमधून एक ब्युटिरिक आणि दोन हायड्रोजन करतात, सोबत अ‍ॅसेटिक असेल तर जास्त बरं. पीएच ६ च्या आसपास आणि थोडा जास्त वेळ दिला तर हे जमतं. उत्पादन कमी येतं, पण आंबलेल्या कचऱ्यावरही टाकी चालू राहते.

पुन्हा सुरू करायची तर अशी करा. टाकी पूर्ण रिकामी करून कॉस्टिकने धुवा, प्रोब काढून वेगळा स्वच्छ करा आणि पीएच ४ आणि ७ च्या बफरवर जुळवून घ्या. ३ लिटर नवा उकळलेला गाळ, ७ लिटर प्रक्रिया केलेलं खाद्य. वरची जागा नायट्रोजनने दहा मिनिटं धुवा. पहिले २४ तास आत-बाहेर काही नाही, पीएच ५.५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. ४.५ च्या खाली गेला तर क्लॉस्ट्रिडियम आम्ल सोडून द्रावकांकडे वळतात आणि हायड्रोजन घटतो. गॅस चढायला लागला की मगच पंप सुरू करा, आणि तोही ५ लिटर प्रतिदिन. तीन दिवस गॅस स्थिर राहिला की १० लिटर. घाईत पूर्ण भाराने सुरू केलेल्या टाकीत क्लॉस्ट्रिडियम रुजायच्या आधीच धुऊन जातात. अधूनमधून खाद्य बंदही ठेवू नका, उपाशी पडले की ते बीजाणू करून बसतात.

रोज लिहायचे आकडे: गॅस, हायड्रोजनची टक्केवारी, कॉस्टिक, आणि पिंपाचा पीएच. पिंप ५.५ च्या खाली गेलं की ते खाद्य थेट मिथेनच्या टाकीत टाका, हायड्रोजनच्या नाही.

चोथा_ते_वायू

खाद्य आजपासून रोजचं रोज, अमायलेज टाकून. बाटलीची चाचणी लावतोय. दुसऱ्या टाकीसाठी १२० लिटरचं पिंप आहे.

एक शेवटचं. गॅस पिशवीत साठवून रोज सोडून देतो, खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे. तो परवा वाजला. फर्मेंटेशनमध्ये मोनॉक्साइड कुठून आला?

मोजपट्टी

मोनॉक्साइड नसावा. त्या अलार्ममधला विद्युत-रासायनिक सेन्सर हायड्रोजनलाही प्रतिसाद देतो. म्हणजे खोलीत हायड्रोजन गळतोय, आणि हे जास्त गंभीर आहे. पिशवीचा झडपेजवळचा सांधा साबणाच्या पाण्याने तपासा.

हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन पेट घेतो. मिथेनची पट्टी ५ ते १५ टक्के एवढीच आहे. ठिणगीला लागणारी ऊर्जाही मिथेनच्या दहाव्या भागाहून कमी, साधा पंख्याचा स्विच पुरतो. ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. पिशवी खोलीत ठेवूच नका. गॅसची नळी ज्वालारोधकातून बाहेर, छताच्या वर काढा. हायड्रोजन हलका असल्याने छताच्या कोपऱ्यात साचतो, तेव्हा सेन्सर वर लावा, जमिनीजवळ नाही.

खोलीसाठी उत्प्रेरक मण्याचा ज्वलनशील वायूचा सेन्सर घ्या. तो ऑक्सिजनवर चालतो, म्हणून टाकीच्या आतला गॅस त्याने मोजायला गेलात तर तो शून्य दाखवेल.